अण्णांच्या वाट्याची पोळी

भाकरी आणि कडबा यांत फरक फक्त एका जोडाचा आहे, हे वाक्य मी बावीस वर्षं पोरांना सांगत आलो. सोनपेठच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. कर्बोदकांचा धडा आला की माझ्या अंगात वारं यायचं. फळ्यावर ग्लुकोजचा षटकोन काढायचा, शेजारी दुसरा, तिसरा, चौथा, आणि म्हणायचं, ही एक वीट समजा. सगळ्या विटा एकाच तोंडानं जोडत गेलात तर होतो स्टार्च, म्हणजे ज्वारीचा दाणा. दर दुसरी वीट पालथी घातलीत तर होतो सेल्युलोज, म्हणजे त्याच ज्वारीचा कडबा. वीट तीच. दाण्यातला जोड आपल्या लाळेनंही सुटायला लागतो, कडब्यातला जोड मात्र माणसाला जन्मात सुटत नाही.

मग एखादं पोरगं हटकून विचारायचं, "सर, मग बैलाला कसा सुटतो?"

या प्रश्नाची मी वाटच बघत असायचो. बैलालाही सुटत नाही, मी म्हणायचो. त्याच्या पोटाचा पहिला कप्पा पाण्याच्या टाकीएवढा असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. कडबा फोडतात ते. दिवसभर, हळूहळू. बैल नुसता रवंथ करून त्यांना बारीक चारा पुरवत राहतो आणि त्यांच्या कमाईवर जगतो. बैलाला चारता म्हणजे तुम्ही त्या जिवांना चारता, असं म्हणून मी खडू खाली ठेवायचो. हे वाक्य मला फार आवडायचं.

पुढं प्रात्यक्षिक. भाकरीच्या तुकड्यावर आयोडीनचा थेंब टाकला की तुकडा निळाकाळा पडतो, हे बघून पोरींचे डोळे मोठे व्हायचे. दुसरा तुकडा तोंडात धरून नुसता चावत राहायला सांगायचो, गिळायचा नाही. दोन-तीन मिनिटांनी भाकरी गोड लागायला लागते. मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, कोरड्यास न्हाई का सोबत?" सगळा वर्ग हसायचा, मीही हसायचो.

यंदा तो धडा मी दुसऱ्या सरांना घ्यायला लावला. घसा बसलाय असं कारण सांगितलं. घसा चांगला होता.

आमचं गाव सोनपेठपासून सहा-सात किलोमीटरवर. मुलगी शिकायला बाहेर, त्यामुळं घरात मी, बायको आणि माझे वडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना साखरेचा आजार होऊन नऊ वर्षं झाली आणि गेल्याच्या गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल. त्या दिवसापासून मी अण्णांच्या ताटाचा कोतवाल झालो.

"म्या साखर खातच न्हाई," अण्णा म्हणायचे. "भाकर खातो."

"अण्णा, भाकरी म्हणजे साखरच असते. एकमेकीला धरून बसलेली, एवढंच."

"मंग बसू दे की तिला. तू कामून उठवायलास?"

बायको पदर तोंडाला लावून हसायची. मला हसू यायचं नाही. त्यांची तिसरी भाकरी मी परत टोपल्यात टाकायचो, चहात साखर पडली का ते चमचा चाटून बघायचो, लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसून बुंदी वाढणाऱ्याला हातानं नको म्हणायचो. चारचौघांत त्यांना लहान पोरासारखं वागवत होतो हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आपण बरोबर आहोत याची खात्री असली की माणूस निर्दय होतो, तसा मी झालो होतो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. गोळ्या चालू असताना जेवण कमी पडलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाते, दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, कधी शुद्धही हरपते. त्या वेळेसाठी ग्लुकोजची पूड घरात हाताशी असू द्या. ती पचवावी लागत नाही, सुटी वीटच ती, सरळ रक्तात जाते. त्या पुडीचा हिरवा डबा आमच्या देवळीत असायचा. घरातल्या सगळ्या गोडापैकी तेवढ्या एका डब्यावर अण्णांचा हक्क होता. कुणी पाहुणा आला की ते डब्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "त्यो माझा खजिना हाय. मास्तरनं कुलूप लावलं न्हाई अजून." मला ते मास्तर म्हणत, रागात असले तरी आणि लाडात असले तरी.

अण्णांचे दोन बैल होते, लाल रंगाचे, थोरला आणि धाकटा. थोरला चारठाण्याकडच्या एका पाहुण्याकडून आणलेला, अंगानं भरलेला आणि खाण्यात हावरा. धाकटा बुजरा. परक्या माणसाचा हात पुढं आला की मान मागं घ्यायचा. आमची चार एकर कोरडवाहू, ती नांगरायला ट्रॅक्टर सकाळी येऊन दुपारी परत जातो. बैलांची तशी गरज उरली नव्हती. मी एकदोनदा विकायचं काढलं. अण्णा म्हणाले, "इकून कुठं जातील त्ये तुला ठावं हाय का?" मला ठाऊक होतं, म्हणून मी तो विषय सोडून दिला. आणि खरं सांगायचं तर आई गेल्यापासून अण्णा उठत होते ते बैलांसाठीच. पहाटे वैरण, मग शेण, मग पाणी, मग दोघांच्या अंगावरून हात. नऊ बोटांचा पाय ओढत ते हे सगळं करायचे आणि त्यांना कुणी मदत केलेली चालत नसे.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत तेरा-चौदा जोड्या होत्या. आता आमची एकच. बाकीच्यांच्या दारात ट्रॅक्टर आहेत, नाहीतर काहीच नाही. पोळ्याला लोक ट्रॅक्टर धुतात, बॉनेटला बाशिंग बांधतात, टायरला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. बायका ओवाळतातही. पण ट्रॅक्टर पुरणपोळी खात नाही. आणि पोळ्याला बैलाला घास दिल्याशिवाय आमच्याकडं कुणी तोंडात घास घालत नाही.

म्हणून दोन-तीन वर्षांपासून एक नवीनच रीत पडली होती. पोळा फुटला, म्हणजे मिरवणूक पांगली, की गल्लीतल्या सगळ्या घरांची ताटं आमच्या दारात यायची.

आदल्या दिवशी खांदेमळणी झाली. अण्णांनी दोघांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळलं. वर्षभर गाडीचं जू बसून तिथलं कातडं राठ झालेलं असतं, ते बोटांना मऊ लागेपर्यंत त्यांनी चोळलं. मग दोघांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आमचे आजोबा म्हणायचे, त्यांचेही वडील म्हणायचे. बैलाला जेवणाचं रीतसर बोलावणं करावं लागतं. मी ओसरीवर पेपर तपासत बसलो होतो. ते शब्द मी जन्मभर ऐकलेले, म्हणून त्या दिवशी ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी मिरवणूक मारुतीला फेरी घालून परतली. बायकोनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. आणि ताटं यायला लागली. नव्या सुना, म्हाताऱ्या, मोबाईल उगारलेल्या पोरी. प्रत्येक ताटात दोन पोळ्या, कारण जोडी आहे, एकाला देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवू नये. पुरणात गूळ ओतलेला, वर तुपाची धार. धाकटा बुजायचा आणि मान फिरवायचा. मग ती बाई थोडा वेळ थांबून दोन्ही पोळ्या थोरल्याच्या तोंडाशी धरायची. थोरला जीभ बाहेर काढून एका ओढीत आत घ्यायचा. लोकांना त्याचं कौतुक. "बगा कसा खायलाय, लक्षुमीच्या हातचं हाय." एकीनं भाताचा मोठा गोळाही आणला होता, एकीनं शिजवलेल्या गव्हाची परात.

मी दारात उभा राहून सगळ्यांना या-बसा करत होतो. मला अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. गल्लीत एकच जोडी आणि ती आमची. कुणी म्हणालं, सर, तुमच्यामुळं सण राहिला. मी मान हलवली, जणू बैल मीच पाळले होते.

किती पोळ्या झाल्या कुणी मोजल्या नाहीत. गल्लीत पस्तीस-चाळीस घरं आहेत.

शेवटी आम्ही जेवायला बसलो. सणाचा दिवस म्हणून बायकोनं अण्णांच्या ताटात एक अख्खी पोळी वाढली होती, तूप न घालता. अण्णांनी पहिला तुकडा मोडायच्या आत मी हात पुढं केला आणि पोळी उचलली. सकाळी त्यांची साखर जास्त निघाली होती. कारण खरं होतं. तरीही अण्णांनी हात मागं घेतला तेव्हाचं त्यांचं तोंड मला अजून दिसतं. ते रागावले नव्हते. भात कालवत ते एवढंच म्हणाले, "टाकू नकू. थोरल्याला नेऊन दे माझ्या वाट्याची."

मी नेऊन दिली. थोरल्यानं ती लगेच घेतली नाही. हुंगली, थांबला, मी तोंडाशी धरून ठेवली तेव्हा हळूच ओढून घेतली. जनावर नको म्हणत होतं. मला ते कळलं नाही, कारण आग्रह करकरून वाढायचं, हेच आपण शिकलेलो.

सकाळी अण्णा गोठ्यातून आले ते वैरणीची पाटी तशीच हातात घेऊन.

"थोरला रवंथ करंना," ते म्हणाले.

गोठ्यात आंबूस वास होता. थोरला मान खाली घालून उभा होता, डावी कूस फुगलेली, दात करकरा खात होता. बाशिंगाचा दोरा अजून शिंगाला होता. धाकटा पलीकडं उभा राहून सावकाश कडबा खात होता, त्याला काही झालं नव्हतं. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना असे फोन येतच असतात हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, दुपारपर्यंत येतो, तोवर काही खायला घालू नका.

अण्णा म्हणाले, "पल्याडच्या वस्तीवर गाय हाय. तिच्या तोंडातला रवंथ काढून आणतो. माझा बाप असंच करायचा." ते शेजारच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले. मला ते खुळेपणाचं वाटलं होतं. खुळेपणाचं काहीच नव्हतं त्यात. निरोगी गायीच्या रवंथातून कडबा फोडणारे तेच जिवंत जीव येतात, जे मी फळ्यावर काढून दाखवतो. डॉक्टर लोकही हेच करतात. अण्णांना त्या जिवांची नावं माहीत नव्हती, एवढंच.

अण्णा गेल्यावर गल्लीतले एक काका डोकावले. थोरल्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "दमलाय त्यो कालच्या गर्दीनं. ताकद यायला कायतरी गोड पाजा," आणि शेताकडं निघून गेले. बायको नळावर होती. मी एकटा थोरल्यासमोर उभा होतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पाय थरथरत होते. पाय थरथरतात, घाम सुटतो, मग काय द्यायचं, हे डॉक्टरांनी मला अण्णांच्या बाबतीत पाठ करून घेतलं होतं. मी देवळीतला हिरवा डबा काढला. सगळा कोमट पाण्यात कालवला. बाटलीत भरला, थोरल्याची मान वर धरली आणि बाटलीमागून बाटली त्याच्या घशात ओतली. त्यानं प्रतिकार केला नाही.

बावीस वर्षं शिकवणाऱ्या माणसानं हे केलं.

ती पूड बैलाच्या रक्तात जात नाही. आधी त्या टाकीत पडते. कडबा फोडणारे जीव संथ कामाचे, पण त्या टाकीत दुसरेही जीव असतात, एरवी मूठभर. गूळ, कणीक, डाळ असं आयतं हाती लागलं की ते माजतात आणि बघता बघता आम्ल करून ठेवतात, दही आंबतं त्यातलंच आम्ल. आम्ल वाढलं की कडबा फोडणारे मरतात. पोट चालायचं थांबतं. अंगातलं पाणी त्या आंबट टाकीकडं ओढलं जातं, आणि पोट तुडुंब भरलेलं असताना जनावर आतून वाळत जातं. आदल्या दिवशीच्या पोळ्यांनी ते सुरू केलं होतं. मी त्यात वरून डबाभर सुटी साखर ओतली. त्या जिवांना तर ती मोडायचंही काम पडलं नाही.

हे सगळं मला येत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळवले असते.

अण्णा रवंथ घेऊन आले, ओल्या फडक्यात गुंडाळून. थोरल्याच्या तोंडात कोंबून वरून पाणी पाजलं. रिकामा डबा तोवर मी देवळीत जागच्या जागी ठेवला होता, झाकण लावून.

दुपारी डॉक्टर आले. तरुण होते, तीन गावं करून आलेले, बूट चिखलानं भरलेले. त्यांनी डाव्या कुशीवर नळी लावून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. "पोट बंद आहे," म्हणाले. पोळ्या किती खाल्ल्या ते विचारलं. अण्णांनी, बायकोनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. बायको म्हणाली, "गल्लीतल्या समद्यांनी दिल्या." डॉक्टरांनी मान खाली घालून पिशवीतून खायच्या सोड्याचे पुडे काढले, ते पाण्यात कालवून नळीनं पोटात सोडले, मानेच्या शिरेला सलाईन लावलं.

"सकाळपासून आणखी काय काय पाजलं?" त्यांनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "गायीचा रवंथ दिला, साहेब."

"चांगलं केलंत. आणखी?"

माझ्याकडं बघून विचारलं होतं. अण्णा थोरल्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते.

मी म्हणालो, "पाणी."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "लोक गुळाचं पाणी नाहीतर ग्लुकोज पाजतात आणि हातची केस घालवतात. तसं असतं तर मी लगेच पोट उघडायला परभणीला न्यायला सांगितलं असतं. आता संध्याकाळपर्यंत सोड्यावर वाट बघू."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण अण्णा माझ्याकडं बघत होते, आणि काल त्यांच्या पुढ्यातली पोळी उचलणारा मीच होतो. ताटाचा कोतवाल काय तोंडानं सांगणार की मी बैलाला साखर पाजली? मी डॉक्टरांसाठी चहा सांगायला आत गेलो.

संध्याकाळपर्यंत थोरला बसला तो उठला नाही. मग गाडीत घालायचीही सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं गोठ्यात आली तेव्हा तो गेला. अण्णांनी त्याच्या शिंगावरचा बाशिंगाचा दोरा सोडवून खिशात ठेवला.

खड्डा घ्यायला जेसीबी आला. थोरल्याला शेतापर्यंत न्यायला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर. त्याच्या बॉनेटला पोळ्याचं बाशिंग अजून तसंच होतं, कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. गल्लीतल्या बायका दाराशी उभ्या राहून रडत होत्या. ज्या हातांनी पोळ्या चारल्या त्याच हातांनी डोळे पुसत होत्या, आणि त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंही नाही. अण्णा म्हणाले, "कुणाला बोलू नकू. लोकांनी मायेनं दिलं." खड्ड्यात त्यांनी मिठाची गोणी स्वतः उलटी केली.

बैल गेला अन् झोपा केला, तसं मी नंतर सगळं वाचून काढलं. किती तासांत काय करता आलं असतं, पोट उघडल्यावर किती जनावरं वाचतात. नीट उत्तर कुठंच नव्हतं. पोळ्यांनीच तो गेला असता का? बहुधा गेला असता. या "बहुधा"वर मी काही महिने काढले. महाविद्यालयात गेलो, पेपर तपासले, पगार घेतला.

नवा डबा मी आणला नाही. आणला असता तर जुना कुठं गेला हे सांगावं लागलं असतं. एका माणसाचा जीव वाचवायला ठेवलेली गोष्ट घरात नाही, हे माहीत असताना मी रोज त्या देवळीसमोरून ये-जा केली. याला काय म्हणावं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

अण्णा बदलले. गोड बंद केलं. नुसतं गोड नाही, दुसरी भाकरीही नको म्हणायला लागले. दिवाळीत बायकोनं करंजीचा तुकडा पुढं केला तर म्हणाले, "नगं, सुनबाई. माझं खाऊन झालंय." माझ्या कोतवालीला काही कामच उरलं नाही. धाकट्याजवळ ते तासन्‌तास बसायचे. एकटा बैल जुंपता येत नाही, आणि जोडीदार आणायचं नाव अण्णांनी काढलं नाही.

पोळ्यानंतर तीन महिन्यांनी मी त्यांना एसटीनं परभणीला तपासणीला नेलं. तीन महिन्यांच्या साखरेची एक तपासणी असते. रक्तातल्या लाल रंगाला साखर हळूहळू चिकटत जाते आणि रक्तपेशी जिवंत असेपर्यंत सुटत नाही. आदल्या दिवशी उपास करून डॉक्टरांना फसवता येत नाही, कारण रक्त मागचं सगळं धरून बसलेलं असतं. डॉक्टरांनी कागद बघितला आणि पहिल्यांदा अण्णांकडं बघून हसले. इतका चांगला रिपोर्ट नऊ वर्षांत आला नव्हता. पाय वाचला असं समजा, म्हणाले. वर मला म्हणाले, "सर, तुम्ही चांगलंच लक्ष ठेवलेलं दिसतंय. काय केलंत?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "ह्यानं काय न्हाई केलं. माझ्या वाट्याचं बैलानं खाल्लं, साहेब."

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते पुन्हा हसले आणि गोळ्या लिहून द्यायला लागले.

खाली औषधांच्या दुकानात मी चिठ्ठी पुढं केली. दुकानदार गोळ्या काढत होता. अण्णा काठी टेकवून शेजारी उभे होते. फळीवर हिरव्या डब्यांची रांग होती, तिकडं काठीनं खूण करून ते म्हणाले, "त्यो एक डबा पण घे. घरातला कवाच संपलाय."

मी त्यांच्याकडं वळायचं टाळलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"पोळ्यानंतर आठ दिसांनी घेरी आली व्हती मला. घरात कुणी नव्हतं. काढून बगितला तर रिकामा." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंग गुळाचा खडा खाल्ला अन् पडून राहिलो."

"अण्णा, मग बोलला का नाहीत?"

"तू डॉक्टरला पाणी म्हणलास," ते म्हणाले. "मंग म्या काय म्हणू?"

दुकानदारानं डबा पिशवीत घातला आणि आणखी काही हवंय का विचारलं. मी नाही म्हणालो. पैसे दिले. पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर अण्णांनी ती आधीच उचलली होती. बस मिळेपर्यंत आणि नंतर घरापर्यंत डबा त्यांच्याच मांडीवर होता.